वाढलेली चांदणी

बांगड्या भरणाऱ्या मनेराच्या घरात काच कधी फुटत नाही, ती वाढते. बांगडी भरताना पिचली तरी वाढली, डोक्यावरची टोपली पडून अख्खा माल रस्त्यावर पसरला तरी तो वाढला, आणि घरातला आरसा, ग्लास, बल्ब, काचेचं म्हणून जे काही असेल त्याचंही तेच. तोंडातून दुसरा शब्द निघाला तर समोरची सवाष्ण भरायला दिलेला हात मागं घेईल, हे तासगावच्या रशीदा मनेरला सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्याचं कारणही घडलं होतं. पाण्याचा ग्लास हातून निसटला तेव्हा नव्या नवरीनं भोळेपणानं ‘फुटला’ म्हणून सांगितलं, आणि सासूनं कपाळाला हात लावला. त्यानंतर तो शब्द रशीदाच्या जिभेवर कधी आला नाही.

चांगली सवयसुद्धा माणसाला कशी गोत्यात आणते, त्याची ही गोष्ट आहे.

रशीदाचा नवरा हाफिज. बांगड्यांच्या धंद्यात पुढं राम उरला नाही, तेव्हा तो खिडक्यांच्या काचांकडं वळला. सांगली, तासगावातल्या नव्या बंगल्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून द्यायचा. पण जीव त्यात नव्हता. जुन्या दारांवरच्या रंगीत काचा कुठं दिसल्या की हा सायकल लावून बघत उभा. जुनं घर पाडलं जातंय असं कळलं की तिथल्या लाल-हिरव्या काचा मागून आणायचा आणि पलंगाखाली ठेवायचा. रशीदानं त्या पलंगाखाली झाडणंच सोडून दिलं होतं.

अशा माणसाला साताऱ्याच्या हॉलचं काम मिळालं, तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. किल्ल्याच्या पायथ्याला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात बांधलेला हा काळ्या दगडाचा हॉल. बांधणारा इंग्रज इंजिनिअर आधी मिसर देशात नोकरीला होता म्हणे. तिथल्या मशिदींच्या खिडक्या त्याच्या डोळ्यांत भरल्या असाव्यात, कारण इथं आल्यावर त्यानं चर्चसारख्या टोकदार कमानीत आठ टोकांच्या चांदण्यांची रंगीत नक्षी बसवून घेतली. मधोमध ताटाएवढी निळी चांदणी, तिच्या टोकांतून निघालेल्या रेघा, त्या रेघांतून तयार झालेले पतंग, मग लहान चांदण्या, असं करत करत नक्षी पार दगडाला जाऊन भिडायची. शिशाच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या, बऱ्याच काचा डुगडुगत होत्या. सगळी खिडकी उतरवून, धुऊन, नव्या पट्टीत परत बसवायची होती.

पहिल्या दिवशी हाफिज खाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत राहिला. "ही नक्षी आपल्यातली," तो रशीदाला म्हणाला. "चर्चच्या कमानीत नांदाया आलीया."

"मग माझ्यागतच की," रशीदा म्हणाली. "दुसऱ्याच्या चौकटीत बसवलेली."

हाफिज हसला. तो सहसा हसणारा माणूस नव्हता.

नवरा-बायकोनं मिळून खिडकी उतरवली. तो शिडीवर, ती खाली. जन्मभर बांगड्या हाताळलेली बाई, काच कशी धरायची हे तिला सांगावं लागलं नाही. एकेक तुकडा सोडा घातलेल्या पाण्यात धुऊन, पुसून, तिनं हॉलच्या फरशीवर गोणपाटावर मांडला, कमानीत होता त्याच जागी. कमानीला प्लायवूड ठोकलं. तेवढं झालं आणि हाफिज चार दिवस घरी म्हणून तासगावला गेला, तिथं एका सकाळी दात घासताना पडला. अर्ध अंग गेलं. बोलणं गेल्यातच जमा, दोन-चार शब्द तेवढे शाबूत राहिले, आणि त्यातला एक रोज संध्याकाळी बाहेर यायचा, "खिडकी?"

आता सांगा, बाईनं करावं तरी काय? खिडकी तशीच टाकावी तर साताऱ्यात लोक म्हणणार, हाफिज मनेर आला, हॉल उघडा केला आणि पसार झाला. आपल्या लोकांना नावं ठेवायला एवढं निमित्त पुरतं, हे रशीदाला कुणी सांगायची गरज नव्हती. काचा कुठं कुठल्या, हे हाफिजखालोखाल तिलाच ठाऊक. आणि घरी नवऱ्याजवळ बसायला लेक होती, रुक्सार. बारावी सायन्स झालेली, नर्सिंगला जायचं म्हणून अर्ज भरून बसलेली. "तू जा अम्मी," रुक्सारच म्हणाली. "माझं ॲडमिशन व्हायला अजून येळ हाय. तवर अब्बाचं मी बघते. पण तवर ये मातूर."

तवर ये. ह्या दोन शब्दांवर रशीदा साताऱ्याला परत आली. खिडकी संपवायची, घरी जायचं आणि लेकीला सोडायचं.

हॉलच्या मागं एक खोली होती, तिथं तिचा मुक्काम. वॉचमन बिराप्पा जतकडचा, वयस्कर, देवभोळा माणूस. बाईमाणूस एकटी राहते म्हणून दिवस मावळला की तो आवाराच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालायचा आणि किल्ली करगोट्याला बांधून समोरच्या देवळात झोपायला जायचा. "तुमी बिनघोर राहा, अक्का. मुंगी आत येणार न्हाई." मुंगी आत येणार नव्हती हे खरं, पण रशीदाही बाहेर जाणार नव्हती. तसं तिला कुठं जायचं नव्हतं. पण जायचं नसणं आणि जाता न येणं यात फरक असतो, तो कुलपाचा आवाज ऐकला की कळतो.

दिवसाही आत अंधारच. रंगीत उजेडासाठी बांधलेल्या त्या हॉलमध्ये प्लायवूड ठोकल्यामुळं बाहेर ऊन आहे की ढग हे कळायचं नाही. ती ट्यूबच्या उजेडात गुडघ्यांवर बसून पट्ट्या लावायची, वितळलेल्या कथलानं सांध्यांना डाख द्यायची. हात बसला तसं काम चालायला लागलं. एकदा ती दोन दिवस घरी जाऊन आली. परत येऊन बघते तर फरशी रिकामी. कसल्याशा शिबिराला हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या होत्या म्हणून बिराप्पानं सगळ्या काचा भिंतीकडेला नेऊन ठेवल्या होत्या. आणि नुसत्या नाहीत, तर फार प्रेमानं, लालात लाल, हिरव्यात हिरव्या, पिवळ्यात पिवळ्या. "एकबी सांडली न्हाई बघा," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका आनंदी होता की तिला रागवताही येईना. ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली. नंतर कितीतरी दिवस तिचे त्या काचा पुन्हा जागेवर मांडण्यात गेले. त्यानंतर ती घरी गेली नाही.

आणि मग चांदणी वाढली.

मधली, निळी. पालथी करताना अंगठा थोडा जास्त दाबला गेला, बस. बारीक आवाज आला आणि हातात तीन तुकडे राहिले. रशीदानं ते पदरात घेतले. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं दिग्विजयला फोन लावला. हा हॉल सांभाळणाऱ्या ट्रस्टचा सेक्रेटरी, पुण्याला राहणारा तरणा, शिकलेला, माणूस म्हणून चांगला. त्या वेळी गाडी चालवत होता.

"साहेब, मधली चांदणी वाढली."

"वाढली? किती?"

"पार वाढली. तीन जागी."

"तीन बाजूंनी? मग चौकटीत कशी बसणार?"

"तेच म्हंते. कशी बसंल?"

"मग कापून लहान करा ना, मावशी. त्यात विचारायचं काय?" आणि पुढं सिग्नल लागला का सुटला कुणास ठाऊक, फोन बंद झाला.

रशीदाला त्या दिवशी दिग्विजय देवमाणूस वाटला. एवढी शंभर वर्षांपलीकडची काच गेली, पण पोरगा एका शब्दानं बोलला नाही. लहान करा म्हणाला. मोठ्या घरची माणसं मनानं मोठी असतात, असं तिनं रुक्सारलाही फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बिगीबिगी सगळ्यांत मोठा तुकडा घेतला, कागदावर आठ टोकं काढली आणि हाफिजच्या काच कापायच्या हिऱ्यानं धाकटी चांदणी कापली. झाली छान. ताटाएवढी होती ती आता बशीएवढी झाली.

ती तिनं मधे ठेवली आणि मग तिला कळलं. भोवतालच्या पतंगांची टोकं चांदणीपर्यंत पोचेनात. पतंग मोठे करावेत तर त्यांच्या मागच्या लहान चांदण्या सरकायला लागल्या. त्या सरकवाव्यात तर त्यांच्या रेघा शेजारणीच्या रेघांना मिळेनात. ह्या नक्षीत एकही रेघ कुठं थांबत नाही, एकीचं टोक दुसरीच्या हातात. हे हाफिज कौतुकानं सांगायचा तेव्हा तिला छान वाटलं होतं. आता त्याच गोष्टीनं तिला कोंडलं. मधली चांदणी लहान झाली म्हणून दगडापर्यंतची सगळी खिडकी नव्यानं आखायची, पलंगाखालच्या काचा तासगावहून मागवून नव्यानं कापायची. साहेबानं तर सांगितलंय. आणि दुसरी निळी काच आणणार कुठून?

ती कापत राहिली. रुक्सारचे फोन येत राहिले. आधी "अम्मी, झालं का?" असायचं. मग "कवा येणार?" झालं. मग यादी लागली, कोल्हापूरच्या कॉलेजात नंबर लागला, शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. हे सांगताना पोरीचा आवाज सपाट होता. रशीदानं तेवढ्यावरून ओळखलं की ती आशा सोडत चाललीय. आपणही तिच्या वयात असंच बोललो होतो, सासू पाय मोडून पडली तेव्हा, शाळा सोडून आलेल्या आपल्याला शिवणाच्या क्लासला जायचं होतं तेव्हा. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरात माणूस पडलं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. बाईला अडकवायला याहून जास्त काही लागत नाही.

त्या आठवड्यात बुधवारी आवारात नव्या बोअरची मोटर चालू करायची होती. दिग्विजय पुण्याहून आला होता. रशीदा हॉलच्या पायरीवर काचा पुसत होती. मोटरला हळद-कुंकू लागलं, आणि दिग्विजय म्हणाला, "बिराप्पा, नारळ वाढव."

बिराप्पानं नारळ दगडावर आपटला. त्याची दोन शकलं झाली, पाणी सांडलं.

रशीदा पुसायची थांबली. मग उठून, हातात फडकं तसंच घेऊन, माणसांच्या मधून चालत दिग्विजयसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, नारळ वाढला म्हंजी काय झालं त्याचं?"

"काय झालं म्हणजे? फुटला."

"मग माझी चांदणी वाढली म्हटलं तवा तुमी काय समजला?"

दिग्विजयला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग त्याचा चेहरा उतरत गेला. "फुटली होती? मावशी, मला वाटलं मोठी झाली."

"काच मोठी हुती का? ती काय भोपळा हाय?"

"उन्हानं प्रसरण पावली असेल असं वाटलं. शाळेत शिकवतात ना." स्वतःच्याच बोलण्याची त्याला लाज वाटली असावी, कारण तो पायरीवर बसला. "पण मी लहान करा म्हटलं तेव्हा तुम्ही तरी विचारायचं."

हेही खरंच होतं. रशीदानं विचारलं नव्हतं. मोठ्या माणसानं सांगितलं की उलट विचारायचं नाही, ही तिची दुसरी चांगली सवय. दिग्विजय पुढं म्हणाला की पुण्यात त्याच्या ओळखीचा एक जण आहे, तशीच निळी काच आठवड्याभरात करून दिली असती. म्हणजे तिचे हे सगळे दिवस, ते गुडघ्यांवर बसणं, संध्याकाळचं ते कुलूप, रुक्सारचा तो सपाट आवाज, सगळं एका शब्दापायी. रशीदाला हसू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की हातातलं फडकं तिनं पिळून काढलं. राग दिग्विजयचा होता, स्वतःचाही होता.

"आता ती निळी काच आणू?" दिग्विजयनं विचारलं.

"कुठं बसवणार? सगळी खिडकी धाकटीच्या मापानं झाली." मग तिनं त्याला रुक्सारचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो ताडकन उठला. "आजच जा. हॉलला मी स्वतः कुलूप लावतो, तुम्ही येईपर्यंत कुणी हात लावणार नाही." आणि त्यानं तसं केलं. रशीदानं पिशवी घेतली, बिराप्पानं फाटक उघडं धरलं, आणि उंब्रज, कराड करत ती एसटी बदलत घरी पोचली.

हाफिज खाटेवर उशीला टेकून होता. तिला बघून त्याचे डोळे उजळले. "खिडकी?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. झाली म्हटलं असतं तर आजारी माणूस निवांत झोपला असता. पण एकदा नीट न सांगितल्याची फळं ती भोगून आली होती. तिनं त्याच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं, चांदणी हातात तीन तुकडे झाली इथपासून ते खिडकी अजून फरशीवरच आहे इथपर्यंत. हाफिजचं तोंड हललं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"फो... फोडलीस."

रुक्सार चुलीपाशी होती, तिनं दचकून मागं बघितलं. तिच्या देखत त्या घरात हा शब्द काचेला कुणी लावला नव्हता.

"व्हय," रशीदा म्हणाली. "फोडली. आन आता पोरीला सोडते. कुणाचं काय मोडायचं ते मोडू दे."

तिनं रुक्सारची बॅग स्वतः भरली. सलवारी, टॉवेल, डबा, मार्कशीट, सगळं. रुक्सार नुसती बघत होती, मग एकदम आईच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी रडली. शुक्रवारी भल्या सकाळी दोघी स्टँडवर गेल्या. कोल्हापूर गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलताना रुक्सारनं वाकून विचारलं, "अम्मी, तू परत कवा जाणार साताऱ्याला?"

"बघू," रशीदा म्हणाली.

बघायचं काय होतं? घरी आली, हाफिजला पुसलं, भरवलं, औषध दिलं. दुपारी दार लावून घेतलं. हाफिजनं भिंतीकडं तोंड केलं होतं. तो रागावला होता की झोपला होता, कळत नव्हतं. रशीदा उंबऱ्यापाशी बसून होती आणि मनात तिच्या खिडकीच चालली होती. डावीकडचे हिरवे पतंग कुठं मिळवायचे ते आज तिला लख्ख दिसत होतं. तिथं फरशीवर असताना ती रोज घरी यायचे दिवस मोजत होती, त्या अंधाराला, त्या कुलपाला शिव्या घालत होती. पण जन्मात पहिल्यांदा एक वस्तू तिनं स्वतः आखली होती, स्वतः कापली होती, आणि ती आता जगात दुसऱ्या कुणालाही बसवता येणार नव्हती, अगदी हाफिजलाही नाही. हे तिला इथं, स्वतःच्या घरात, बंद दाराआड कळलं. तिला रडू फुटलं. लेक गेली म्हणून आलेलं ते रडू नव्हतं.

काही दिवसांनी दिग्विजयचा फोन आला. हॉलचं कुलूप तसंच आहे, म्हणाला. दोन कारागीर बोलावून दाखवलं, दोघांनी हात जोडले, जिनं मांडलंय तिलाच बोलवा म्हणाले. "मावशी, कधी येता?"

"साहेब, मला यायचं हाय," रशीदा म्हणाली. "लय यायचं हाय. पर येता येत न्हाई."

एकदा पोळलेला माणूस, तो जपून म्हणाला, "म्हणजे नेमकं काय, मावशी? मला नीट सांगा."

"म्हंजी तेच, जे बोलले ते."

मग तिनं फोन ठेवला आणि हाफिजची कूस बदलली. ती बदलायची वेळ झाली होती.